ठणठणीत

"उद्या हा म्हातारा आपल्या काठीने अख्ख्या गल्लीचं वाटोळं करणार, लिहून ठेव," टेलर म्हणाला.

"हळू बोला हो. ऐकू जाईल."

"कोणाला? त्यांना?"

यावर भिंतीपलीकडे नवराबायको एकदम गप्प झाली. थोड्या वेळाने शिलाई मशीन धडधडायला लागलं, आणि ते नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात चालवलं जातंय असं भिंतीच्या अलीकडे उभ्या असलेल्या काकूंना वाटलं.

काकूंच्या एका हातात जुन्या चादरीची पट्टी होती, दुसऱ्यात चमचा. चमच्याच्या दांड्याने त्या चादर भेगेत कोंबत होत्या. आधी त्यांनी पुट्टी भरून पाहिली होती. पुट्टी काही दिवस शहाण्यासारखी राहायची आणि मग बरोबर मधोमध चिरायची. भेग छताच्या कोपऱ्यातून निघाली होती आणि कोणी जिना उतरावा तशी विटेविटेने तिरकी खाली आली होती. सुरुवातीला ती केसाएवढी होती, मग नखाएवढी झाली, आता तिच्यात काकूंची करंगळी जायची. कंपनीची माणसं ती मोजायला पट्टी घेऊन यायची. काकूंना पट्टी लागत नव्हती. पूर्वी त्या भिंतीतून टेलरकडची भांडणं तेवढी ऐकू यायची, आणि भांडणं काय, कुठल्याही भिंतीतून येतात. पण टेलरच्या बायकोने नवऱ्याला दबक्या आवाजात मारलेला टोमणा जेव्हा शब्द न्‌ शब्द कळला, तेव्हा काकू मनात म्हणाल्या, संपलं, भिंत गेली.

मागे पलंगावर लेक झोपली होती. ती दवाखान्यात नर्स होती, रात्रपाळी करून सकाळी यायची आणि दुपार उलटेपर्यंत झोपायची. घराला दोनच खोल्या. पुढच्या खोलीत रस्ता, उजेड आणि तिच्या बाबांचा टीव्ही, त्यामुळे झोप काढायची तर मागच्या खोलीतच, भेगेच्या पायथ्याशी.

"आई," डोळे न उघडताच लेक म्हणाली, "ऐकलंस ना?"

"काय?"

"काही नाही. झोपले मी."

आणि तिने कूस बदलली. या घरात सध्या असंच चाललं होतं. प्रत्येकाने सगळं ऐकलेलं होतं आणि प्रत्येक जण झोपलेला होता.

गल्लीखाली खाण होती. बंद पडून बरीच वर्षं झाली, पण बोगदे काही कोणी उचलून नेले नव्हते. कोळसा काढताना मधेमधे कोळशाचेच जाडजूड खांब सोडलेले होते आणि त्यांच्यावर वरचं सगळं पेललेलं होतं: रस्ता, नळाचे पाइप, टेलरचं मशीन, काकूंचा पलंग. घरांना भेगा पडायला लागल्यावर गल्ली म्हणाली, खालचे खांब ढासळतायत. कंपनी म्हणाली, खाली सगळं जागच्या जागी आहे, तुमची बांधकामंच कच्ची, त्यात मोऱ्या गळतात, पाणी मुरून जमीन खचते. गल्लीने मोऱ्या दुरुस्त केल्या. भेगा वाढल्या. कंपनी म्हणाली, मग झाडांची मुळं असतील. गल्लीत झाड एकच होतं, तेही टेलरच्या बायकोच्या कुंडीत.

या भांडणात लोक थकले होते. पहिल्या वर्षी मोर्चे निघाले, घोषणा झाल्या, दुसऱ्या वर्षी त्याच घोषणा लोकांनी बसून दिल्या. आता भांडण उरलं होतं ते आपापसात. ज्याची भेग मोठी त्याचा तोरा मोठा. "तुमची काय, रंगाची पापडी आहे ती," असं एक जण दुसऱ्याला म्हणाला की दोन घरांचं बोलणं आठवडाभर बंद.

शेवटी कंपनीने एक गोष्ट कबूल केली. मशीन आणून गल्लीत खोलवर एक भोक पाडायचं. खाली पोकळी लागली, तर खांब ढासळले हे मान्य, मग अख्ख्या गल्लीला दुसरीकडे घरं. घट्ट जमीन लागली, तर फाइल बंद, ज्याने त्याने आपापली भेग आपापल्या हाताने लिंपावी. पण भोक एकच. एकापुढे दुसरं नाही.

ते कुठे पाडायचं यावर सभेत जे रण माजलं, ते काकू जन्मात विसरणार नव्हत्या. प्रत्येकाला भोक आपल्याच दारात हवं होतं, आणि घरात मात्र कोणालाच नको होतं. अखेर गल्लीचा पुढारी मुकादम उठला. हा खाणीत मुकादम होता, म्हणून अजूनही मुकादमच. तो म्हणाला, "उगाच डोकी फोडू नका. दादा आहेत ना आपल्यात? दादा काठी ठोकून सांगतील तिथे भोक."

दादा म्हणजे काकूंचे यजमान. गल्लीचे काका. पोरंटोरं त्यांना टकटककाका म्हणायची.

सभेत सगळ्यांनी आधी एकमेकांकडे बघितलं. मग सगळ्यांनी माना डोलावल्या. टेलरने तर सगळ्यांत आधी. नाही म्हणायचं, तर का नाही ते सांगावं लागलं असतं.

काका खाणीत छत ठोकायचे. पाळी सुरू व्हायच्या आधी बोगद्यात सगळ्यांच्या पुढे ते एकटे जायचे. हातात पितळी टोकाची लांब काठी. एका हाताने छतावर ठोकायचं, दुसरा तळहात हादरा जोखायला छताला लावून ठेवायचा आणि कान द्यायचा. दगड खणखणीत वाजला की मागे वळून ओरडायचं, "ठणठणीत!" मग माणसं आत. आवाज बद्द आला, तर कोणी आत पाय टाकायचा नाही, मग साहेब का येईना. त्यांच्या काठीने पाळ्या थांबवल्या होत्या आणि त्यावरून त्यांनी शिव्याही खाल्ल्या होत्या. पण त्यांनी ठणठणीत म्हटलेल्या छताखालून एकही माणूस उचलून आणावा लागला नव्हता. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची डोकी अजून धडावर होती ती या माणसाच्या कानामुळे, हे ते म्हातारे स्वतःच सांगायचे. निदान पूर्वी सांगायचे. अलीकडे त्या विषयावर आले की त्यांना एकदम पाणी प्यावंसं वाटायचं.

कारण काकांचा कान गेला होता.

कधी गेला ते सांगता आलं नसतं. चष्मा लागतो तेव्हा माणूस पेपर लांब धरतो, सगळ्यांना दिसतं. कान चोरपावलांनी जातो. आधी काका म्हणायला लागले, "हल्लीची माणसं पुटपुटतातच फार." मग टीव्हीचा आवाज वाढला. मग दारावरची बेल त्यांच्यापुरती बंदच पडली. काकूंनी कोणाला काही सांगितलं नाही. त्या फक्त त्यांच्या उजव्या बाजूला चालायला लागल्या. कोणी काही विचारलं की त्या आधी हसून म्हणायच्या, "हे विचारतायत, तब्येत काय म्हणते?" आणि काका म्हणायचे, "उत्तम!" भाजीवाल्याशी, बँकेतल्या माणसाशी, जावयासारख्या वागणाऱ्या मीटरवाल्याशी, सगळ्यांशी काकांचं बोलणं काकूंच्या तोंडून व्हायचं. लेकीने एकदा तपासायला दवाखान्यात चला म्हटलं होतं. "मळ साठला असेल बाबा, बाकी काही नाही," असंही वर तिनेच म्हटलं, नर्स असून. काका म्हणाले, "मळ खाणीतल्या माणसाच्या कानात नसेल तर कोणाच्या असेल?" सगळे हसले आणि तो विषय तिथेच मिटला.

आणि कान गेल्याची गोष्ट एवढीच असती, तर कोणी ना कोणी कधी तरी बोललंही असतं. पण तिच्या पोटात दुसरी होती. कान गेला तो निवृत्तीनंतर गेला, की आधी? शेवटची काही वर्षं काका ज्या छतांना ठणठणीत म्हणत होते, ती त्यांनी ऐकली होती का? हा प्रश्न त्या छतांखाली काम केलेल्या माणसांनी स्वतःलाही विचारलेला नव्हता. सुखरूप वर आलेल्या माणसाला असले प्रश्न परवडत नाहीत.

भेगा पडायला लागल्या तेव्हा घाबरलेल्या बायका काकांनाच बोलवायला आल्या होत्या. काका काठी घेऊन घराघरांत गेले, जमिनीवर ठोकलं, ठणठणीत म्हणाले. लोकांचा जीव भांड्यात पडला. कान नाही हे ठाऊक असूनही पडला, ही त्यातली खरी गंमत. स्वतःच्या घरातही त्यांनी ठोकलं होतं, मागच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी. ठणठणीत म्हणाले होते.

पण तिथे काकू रोज पाण्याची बादली ठेवायच्या. आणि गेल्या काही महिन्यांत बादली टेकल्याचा आवाज बदलला होता. पुढच्या खोलीत बादली ठेवली की ठक. मागच्या खोलीत ठेवली की ढब्ब, पिठाच्या रिकाम्या डब्यावर थाप मारावी तसं. पहिल्यांदा त्यांना वाटलं, बादलीचंच बूड गेलं. त्यांनी बादली बदलली. मग त्यांनी बादली टेकवणंच बदललं. हळू टेकवायच्या, मूल झोपवावं तशी. लेकीला म्हणाल्या, "पुढच्या खोलीत झोपत जा ना, तिथे उजेड छान येतो."

"आई, मी दिवसा झोपते. मला उजेड कशाला हवा?"

 काकूंकडे उत्तर होतं, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं.

संध्याकाळी मुकादम आला. चहा घेतला, भेगेचं कौतुक केल्यासारखं केलं आणि काका पुढच्या खोलीत काठी पुसत बसले होते तरी आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, उद्या तुम्ही दादांच्या सोबत राहा."

"म्हणजे?"

"म्हणजे… सोबत. तुम्ही असलात की त्यांना बरं पडतं."

"भावजी, सभेत नाव तुम्ही सुचवलंत."

मुकादमाने कप बशीत ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "काय करणार? माणसं एकमेकांच्या अंगावर जात होती. दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं असतं तर मान्य झालं असतं का? दादांना नाही कोण म्हणणार!"

"तेच तर," काकू म्हणाल्या.

त्याने बशीतला चहाचा थेंब बोटाने पुसला. मग मुकादम म्हणाला, "साखर जरा जास्त पडली का चहात?" आणि उठला. चहात साखर नव्हतीच. मुकादमाला मधुमेह होता आणि काकूंच्या ते पक्कं लक्षात असायचं.

पुढच्या खोलीत काका पितळी टोकाला चिंच लावून घासत होते. टोक नव्यासारखं चमकत होतं. निवृत्तीनंतर ही काठी माळ्यावर गेली होती, आणि तिच्याबरोबर काकांमधलंही काही तरी माळ्यावर गेलं होतं. आज ते खाली उतरलं होतं. त्यांनी उद्यासाठी इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावला होता. दाढी उद्या करायची ती आजच केली होती.

काकू समोर जाऊन बसल्या. नीट चेहऱ्यासमोर, त्यांना ओठ दिसतील अशा.

"अहो."

"हं?"

"उद्याचं… नाही म्हणता येणार नाही का? गुडघे दुखतायत म्हणून सांगू."

काका हसले. "गुडघ्याने ठोकायचं आहे का? अगं, मला काय वाटतं सांगू? इतकी वर्षं मला वाटायचं, संपलं आपलं काम. कोणी विचारत नाही. आता बघ, साहेब लोकांची यंत्रं एकीकडे आणि शेवटी आलेच की नाही काठीपाशी!"

काकूंच्या ओठांवर आलेलं पुन्हा मागे गेलं. त्या हसल्या. गेली कित्येक वर्षं त्या हे हसू चेहऱ्यावर असं ठेवायच्या, जसं काही बायका पाहुण्यांसाठी चांगले कप वेगळे ठेवतात.

"काय गं, काही म्हणत होतीस?"

"जेवायला वाढू का, म्हणत होते."

"उत्तम!" काका म्हणाले.

सकाळी मोजणीवाल्या मॅडम आल्या. त्या कंपनीच्या की सरकारच्या हे गल्लीला शेवटपर्यंत नीट कळलं नव्हतं. त्यांनाही ते फारसं ठाऊक असावं असं दिसत नव्हतं. हातात फाइल, पिशवीत लाल रंगाचा डबा आणि ब्रश, बुटांवर आदल्या कुठल्या तरी गल्लीची माती. चेहऱ्यावरून वाटे, बाई रात्री नीट झोपलेली नाही, आणि ते बघून काकूंना तिच्यावर रागावणं जमेना.

"आजोबा सांगतील तिथे मी लाल खूण करणार," मॅडम म्हणाल्या. "उद्या मशीन येईल. नंतर 'इथे नको, तिथे' असं चालणार नाही. सगळ्यांना मान्य ना?"

"मान्य, मान्य," गल्ली म्हणाली, तुरुंगात जाताना म्हणावं तशी.

काका पुढे निघाले. इस्त्रीचा शर्ट, ताठ पाठ, हातात काठी. त्यांच्या उजवीकडे काकू. मागे मुकादम, टेलर, टेलरची बायको, इस्त्रीवाली, आणखी चारदोन माणसं. ड्यूटीवरून नुकतीच आलेली लेकही त्याच कपड्यांत मागे मागे चालत होती.

सुरुवात मुकादमाकडून झाली. काकांनी जमिनीवर काठी आपटली. ठण्ण. पुन्हा, जरा बाजूला. ठण्ण. मग त्यांनी मान वर केली आणि सगळ्यांकडे बघितलं. मुकादमाने घाईघाईने मान डोलावली.

"ठणठणीत," काका म्हणाले.

टेलरकडे गेले. ठोकलं. इथे आवाज इतका स्वच्छ नव्हता, काकूंना तरी तसं वाटलं. काकांनी पुन्हा मान वर केली. टेलरची बायको इतकी धास्तावली होती की तिने आपलं सगळ्यात गोड हसू काढलं, एरवी ते फक्त मोठी ऑर्डर देणाऱ्या गिऱ्हाइकाला मिळायचं.

"ठणठणीत," काका म्हणाले.

काकूंना काही तरी खटकलं. पण तेव्हा त्यांना ते कळलं नाही.

कळलं ते इस्त्रीवालीकडे. तिचं घर कोपऱ्यावरचं, गल्लीत सगळ्यात शेवटी बांधलेलं, दगडावर. पाया खणताना तिथे कुदळी तुटल्या होत्या, सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे एकही भेग नव्हती. फक्त कोणाला वाईट वाटू नये म्हणून आत जायचं. काकांनी ठोकलं आणि असा खणखणीत आवाज उठला की फळीवरचे डबेसुद्धा किणकिणले. काकांनी मान वर केली. नेमकी त्याच क्षणी इस्त्रीवालीला आठवण झाली की आतल्या टेबलावर कोणाच्या तरी शर्टावर तापलेली इस्त्री तशीच ठेवून आपण आलोय. ती पांढरीफटक पडली, कपाळावर हात मारला आणि आत पळाली.

काकांनी ते बघितलं. ओठ आवळले. सावकाश मान हलवली.

"इथे बद्द आहे," ते म्हणाले.

 आतून जळक्या कापडाचा वास आणि इस्त्रीवालीचं "मेले मी!" एकदमच आलं.

तेव्हा काकूंना कळलं. हा माणूस ऐकत नव्हता. हा चेहरे बघत होता. ठोकायचं, वर बघायचं, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते बोलून दाखवायचं. आणि समोरचे सगळे, त्यांना वाईट वाटू नये म्हणून, धीर द्यावा म्हणून हसत होते. दोन वर्षं गल्ली त्यांच्याकडे धीर मागायला येत होती. आणि काका गल्लीच्याच चेहऱ्यावरचा धीर उचलून गल्लीला परत देत होते.

आणि सगळ्यात जास्त हसल्या होत्या त्या स्वतः. मागच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी.

"आणखी कुठे बघायचं राहिलंय?" मॅडमनी फाइलमधून विचारलं.

"आमचं घर," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच वेगळा वाटला.

"तुमच्याकडे मागे एकदा बघितलंच आहे की दादांनी," मुकादम म्हणाला. "आता बद्द सापडलंय म्हणताना…"

"भावजी, बघू द्या."

मागच्या खोलीत सगळे मावले नाहीत. काही दारात थांबले, टेलर आणि त्याची बायको भेगेपाशी, चादरीच्या बोळ्याला टेकून. लेक पलंगावर बसली, पाय वर घेऊन. काकांनी पायथ्याशी काठी आपटली.

ढब्ब.

तो आवाज खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू आला. टेलरच्या बायकोने नवऱ्याचा हात धरला. मॅडमनी फाइलमधून मान वर काढली. लेकीने आपण बसलेल्या पलंगाकडे असं बघितलं, जसं ती दवाखान्यात एखाद्या पेशंटचा रिपोर्ट बघत असेल. मुकादम आपल्या चपलांकडे बघत राहिला.

काकांनी मान वर केली. सगळे चेहरे खाली होते. म्हणून त्यांनी काकूंकडे बघितलं, नेहमीसारखं. आणि काकूंच्या ओठांनी, सवयीने, कोणी न सांगता, ते चांगलं हसू बाहेर काढलं.

"ठणठणीत," काका म्हणाले.

"बरं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी काकूंकडे एकदा बघितलं, मुकादमाकडे बघितलं. थोडं थांबल्या. त्यांनाही आवाज ऐकू आलाच होता. "मग खूण कोपऱ्यावरच्या घरापाशी करते. तुम्ही सगळ्यांनी ठरवलंय तसं. कोणाला काही म्हणायचंय का?"

कोणालाच काही म्हणायचं नव्हतं. म्हणजे सगळ्यांना म्हणायचं होतं, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याची वाट बघत होता. टेलर, जो भिंतीपलीकडे इतकं बोलायचा, भिंतीच्या अलीकडे आला होता आणि त्याची वाचा बसली होती. मॅडमनी पिशवीतून रंगाचा डबा काढला. मुकादमाने खाकरून घसा साफ केला आणि त्या साफ केलेल्या घशातून काहीच आलं नाही.

काकूंनी लेकीकडे बघितलं. ती रात्रभर उभी होती. आता सगळे गेले की ती इथेच आडवी होणार होती. उद्या मशीन येणार, कोपऱ्यावरच्या दगडात भोक पाडणार, दगड लागणार, फाइल बंद होणार, आणि ती रोज इथेच आडवी होणार होती.

"थांबा जरा," काकू म्हणाल्या.

त्यांनी काकांच्या हातातली काठी घेतली. अशी काठी त्यांनी संसारात कधी हातात घेतली नव्हती, फक्त पुसली होती. काकांना दंडाला धरून त्यांनी पलंगाच्या कडेवर बसवलं, स्वतः गुडघे टेकून खाली बसल्या, आणि त्यांचा डावा हात ओढून तळवा फरशीवर ठेवला, पूर्वी छताला लावायचे तसा. मग त्या तळहाताशेजारी काठीचं पितळी टोक आपटलं.

ढब्ब.

काकांचा हात दचकला. पण त्यांनी तो उचलला नाही.

काकूंनी पुन्हा आपटलं. पुन्हा एकदा. काकांची बोटं पसरली, फरशीला चिकटली. तो हात काय करतोय हे मुकादमाला दुरून ओळखू आलं आणि त्याने दाराची चौकट धरली. काकांनी सावकाश मान वर केली आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे नेहमीचं हसू शोधलं. ते नव्हतं.

"अगं, काय?" ते म्हणाले. "काय झालं?"

"तुम्हाला ऐकू येत नाही," काकू म्हणाल्या.

पण त्या हळू म्हणाल्या होत्या, इतकी वर्षं मनात म्हणायच्या तशा, आणि काकांचे डोळे त्यांच्या ओठांवर नव्हते, फरशीवरच्या हाताकडे वळले होते.

"अं? काय म्हणतेस?"

काकूंनी श्वास घेतला. या बाईचा चढा आवाज गल्लीने आजवर ऐकलेला नव्हता. भिंतीला भेग पडूनही टेलरने कधी ऐकलेला नव्हता. त्यांनी काकांची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला, आणि मोठ्याने, इतक्या मोठ्याने की कोपऱ्यावरची इस्त्रीवाली जळका शर्ट हातात घेऊन बाहेर आली, त्या म्हणाल्या,

"तुम्हाला ऐकू येत नाही हो! किती तरी वर्षं येत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे. आणि आपली पोर रोज झोपते, तिच्या खाली पोकळ आहे!"